तोंड लावून

सरकारी कागदावर आमचं पद ‘परिचर’ होतं. दवाखान्यात मात्र या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर मावशी म्हणायचे, सिस्टर मावशी म्हणायच्या, आणि वॉर्डातल्या ज्या बायकांना स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नसे त्याही मावशीच म्हणायच्या. मी तेव्हा ऐन पंचविशीत होते. आईच्या वयाच्या बाईनं मावशी म्हटलं की माझं डोकं सणकायचं. पुढं सणकायलाही उसंत मिळेना, मग सवय झाली.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता, उस्मानाबादेतून फुटून निघालेला. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं, नव्या ऑफिसांना नवी पदं, आणि त्यातलं एक पद माझ्या वाट्याला आलं. मी नांदेडची. नवरा तिथंच एका गॅरेजात कामाला. ऑर्डर आली तेव्हा तो म्हणाला, "जाय तू. वर्साच्या आत बदली करून घेऊ." त्या ‘वर्साच्या आत’च्या भरवशावर मी ट्रंक उचलली.

नव्या जिल्ह्याचं सगळंच अर्धंमुर्धं होतं. ऑफिसं भाड्याच्या घरांतून, पाट्यांवरचा रंग अजून वाळायचा. आमचे डॉक्टर पेशंटची शुद्ध तपासताना विचारायचे, "आपला जिल्हा कोणता?" निम्म्या बायका ठासून उस्मानाबाद सांगायच्या. डॉक्टर तेही बरोबर धरायचे, कारण त्यांच्या टेबलावरच्या शिक्क्यातही अजून उस्मानाबादच होतं.

त्यात दुष्काळ. पाऊस लागोपाठ हुकलेला. दवाखान्याच्या विहिरीत खाली नुसता गाळ दिसायचा आणि सगळा कारभार टँकरवर चालायचा. टँकर येणार म्हटलं की वॉर्डातलं प्रत्येक भांडं दारात मांडून आम्ही उभ्या. तो कधी येईल त्याचा नेम नाही. त्यामुळं कान सतत फाटकाकडं लागलेले. अंघोळ घालायला सुरुवात करावी तर पाणी संपायचं, झाडायला घ्यावं तर टँकरचा भोंगा वाजायचा. एक काम कधी सलग पुरं झालं असं त्या दिवसांतलं मला आठवतच नाही.

आमचा वॉर्ड दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता, पत्र्याच्या छताचा, बायकांचा. गावात त्याला येड्यांचा वॉर्ड म्हणत. इंजेक्शन सिस्टर द्यायच्या, औषध डॉक्टर लिहायचे, आणि उरलेला सगळा दिवस आमचा असायचा. उठवायचं, तोंड धुवायला लावायचं, केस विंचरून उवा काढायच्या, नखं कापायची. गोळी गिळली का जिभेखाली ठेवली ते तोंड उघडायला लावून बघायचं. शॉकला न्यायचं असलं की हात धरून न्यायचं आणि परत येईपर्यंत तो सोडायचा नाही. कुणी अंगावर धावून आली तर मागून कवेत घ्यायची, पण आवळायची नाही. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. थोरल्या मावशीकडं बघून मी शिकले.

थोरली मावशी औशाची, मुसलमान, निवृत्तीला टेकलेली. तिच्या बोलण्यात मराठी आणि दखनी यांची अशी खिचडी असायची की पेशंट बायका रडता रडता हसायच्या. तिला मी कधी धावताना बघितलं नाही. मी मात्र सारखी धावत असायची. मला मुळात एका जागी बसवत नाही, लहानपणापासून माझ्या पायाला भिंगरी. वॉर्डात काही बायकांना औषधामुळं पाय स्वस्थ ठेवता यायचे नाहीत. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालायच्या आणि मी त्यांच्या मागं. थोरली मावशी म्हणायची, "अगे, तुझ्या बदनावर ही साडी नसती तं डॉक्टर तुलाबी गोळी लिहून देता."

पेशंटला आम्ही तिच्या गावाच्या नावानं ओळखायचो. औसावाली, उदगीरवाली, निलंग्याची म्हातारी. जिची ही गोष्ट आहे ती रेणापूरवाली. रेणापूरच्या पलीकडचं कुठलंसं खेडं, पण आमच्या लेखी ती रेणापूरवालीच.

तिला जीपमधून आणलं ते सासूनं आणि गावातल्या दोन पुरुषांनी. पुरुष तिला खाली उतरवून तसेच परत फिरले. नवरा बैलं घेऊन गुरांच्या छावणीत होता, त्याला यायला जमलं नाही. सासू व्हरांड्यात बसून पदराचं टोक पिळत सांगत होती आणि मी पेशंटचा दंड धरून उभी होते. गावाची विहीर आटली होती. टँकर यायचा आणि विहिरीत पाणी सोडायचा. पंचायतीचा माणूस त्यात पांढरी पावडर टाकायचा, जंतू मरावेत म्हणून. ती टाकताना हिनं बघितलं. घरी येऊन म्हणाली, पाण्यात काहीतरी कालवलंय. आधी घरातले हसले. मग हिनं माठातलं पाणी प्यायचं सोडलं. त्या पाण्यात मळलेली भाकरी सोडली. शेवटी पोटच्या पोरीच्या तोंडचा गिलास हिसकावून फेकून दिला. चार-पाच वर्षांची पोर तहानेनं रडायची आणि आई तिला पाण्याजवळ जाऊ द्यायची नाही.

"पोरीला मारंल ही," सासू म्हणाली. "म्हनून आनली. न्हाईतर घरची सून अशा ठिकानी कोन आनतंय?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर ते आम्हाला म्हणाले, "पावडर टाकली हे खरं आहे. त्याच्यापुढचं खरं नाही. आपल्याला ते पुढचं बरं करायचंय."

नियमानं पेशंटजवळ नातेवाईक थांबायला हवा. दुष्काळात नियम पाळायला माणसं कुठून आणायची? घरी नात आणि दावणीला एक म्हैस. सासूनं सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गेली. जाताना तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तो बघण्याचा प्रकार मी ओळखून आहे, त्यात नाव न विचारता आडनाव विचारलेलं असतं.

रेणापूरवाली खाईना आणि पिईना. आमच्या टँकरच्या पाण्यालाही तोच औषधाचा वास, मग तर विचारायलाच नको. ओठ फुटून त्यांवर काळे पापुद्रे धरले. सलाईन लावलं की उपटून टाकायची. आता नाकातून नळी घालायची असं ठरत आलं. नळी घालताना दोघींनी हातपाय धरायचे आणि तिसरीनं डोकं. मागं एकदा दुसऱ्या एका बाईचं डोकं मी धरलं होतं. त्या बाईचे डोळे मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिले. पुन्हा ते नको, असं मी थोरल्या मावशीला म्हणाले.

"तो पहले तू खा," ती म्हणाली. "उसकेच थाळीमेंसे. त्याच्या डोळ्यापुढं. सालों से हम यहीच करते."

ही त्या वॉर्डची रीत होती. जिला विषाची भीती, तिच्या ताटातला पहिला घास मावशीनं खायचा. थोरल्या मावशीनं जन्मभर कुणाकुणाच्या ताटातले घास खाल्ले होते त्याला गणती नव्हती. मी मात्र आजवर खाल्ला नव्हता.

आता माझं सांगते. आमचं मूळ गाव हिमायतनगरकडं. आजीला गावात पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून, लांबून. वडिलांच्या पिढीनं धम्म घेतला आणि दुसऱ्याच्या दारात ओंजळ धरायची बंद केली. वस्तीत सगळ्यांनी मिळून स्वतःचा आड खणला. आईनं आम्हाला लहानपणापासून बजावलं होतं, कुणाच्या भांड्याला तोंड लावायचं नाही. आजी वरून प्यायची कारण तिला दुसरं काही देत नसत. मी वरून प्यायची कारण मला कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकून घ्यायचा नव्हता. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसत असेल, माझ्या लेखी तो माझा मान होता.

म्हणून त्या दुपारी मी गिलास भरून तिच्या खाटेजवळ गेले आणि नेहमीसारखं तोंड वर करून एक घोट वरून ओतला. गिलास तिच्यापुढं धरला.

तिनं मान हलवली. "वरून न्हाई."

"काय?"

"वरून पिणाऱ्याचं मला काय कळतंय, गिळलं का न्हाई ते? तोंड लावून पी."

मी तिच्याकडं बघतच राहिले. पाटलाच्या घरासारखं घर, शेती, दावणीला बैलं, आणि ही बाई मला म्हणत होती, माझ्या गिलासाला तोंड लाव. आधी वाटलं, हिला माहीतच नाही मी कोण. मग वाटलं, सांगून टाकावं. मग तिचे ते फुटलेले ओठ दिसले. मी गिलासाला तोंड लावलं आणि प्याले. ती माझ्या गळ्याकडं टक लावून बघत होती. घोट खाली उतरलेला तिला दिसला आणि तिनं गिलास माझ्या हातातून ओढून घेतला. एका दमात संपवला. दुसरा मागितला. त्यालाही आधी मी, मग ती.

त्या दिवशी मी वॉर्डाच्या मागं जाऊन रडले. कशासाठी रडले ते तेव्हा सांगता आलं नसतं. आनंदही होता, आणि या आनंदाचा रागही येत होता. एका गिलासभर पाण्यानं आपण एवढं पाघळावं हे मला पटत नव्हतं.

पुढं रोजचंच झालं. सकाळी चहा, दुपारी भाकरी आणि पातळ वरण, संध्याकाळी तेच. पहिला घास माझा. कुठून तोडायचा तेही ती सांगायची. "हिकडून न्हाई, मधून घ्या." भाकरीच्या कडेला विष नसतं आणि मधेच असतं, असा काहीतरी तिचा हिशोब होता. वरण ढवळून खालचं घ्यायला लावायची. दुष्काळात अंग धरलेली सगळ्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

थोरल्या मावशीच्या हातून ती घास घेईना. दुसऱ्या कुणाच्याच हातून घेईना. पिली ती माझं बघून पिली, म्हणून मीच. परिणामी माझं नांदेडला जाणं बंद पडलं. आधी शनिवार आला की मी दुपारपासून एस.टी.च्या वेळा घोकायची. आता शनिवार आला की जीव टांगणीला लागायचा, तिकडं जावं तर इकडं ही उपाशी. नवऱ्यानं निरोप धाडले, मग एके दिवशी स्वतःच आला. दवाखान्यातल्या लिंबाखाली बसून त्यानं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तिला तू खाऊ घालून राहिलीस, बरं हाय. तिकडं मीबी उपाशीच हाय म्हनावं." मी हसले, तोही हसला. पण जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही, आणि मला ते दिवसभर खुपत राहिलं.

औषध लागू पडत होतं. रेणापूरवालीच्या गालांवर थोडं मांस आलं. ती दुसऱ्या बायकांच्या वेण्या घालू लागली. मुलीबद्दल बोलू लागली, तिला दोन वेण्या आवडतात, ती म्हशीला घाबरत नाही, असलं काहीबाही. सगळे खूश होते. मी मात्र तिच्या प्रत्येक शहाण्या वाक्याबरोबर अस्वस्थ होत होते. मला आतून पक्कं वाटत होतं की ही जशी बरी होईल तशी तिची जातही बरी होईल. एक दिवस ती माझ्याकडं तिच्या सासूच्या नजरेनं बघेल. पेशंट बरी व्हावी म्हणून दिवसरात्र राबायचं आणि बरी झाल्याची भीतीही बाळगायची, असं माझं चाललेलं.

तो दिवस आलाच. उन्हात बसून मी तिचे केस विंचरत होते. तिनं सहज विचारलं, "मावशी, तुमचं आडनाव काय?"

माझा हात थांबला. "बौद्ध आहोत आम्ही," मी म्हणाले. आडनाव विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मी थेटच देते, उगाच गोल गोल कशाला फिरायचं?

दुपारी ताट आलं तेव्हा तिनं ते बाजूला सारलं. "आज भूक न्हाई." संध्याकाळीही तेच. डॉक्टरांना वाटलं, भीती परत आली. मला वाटलं, जात परत आली. यातलं कोणतं जास्त वाईट हे मला ठरवता येईना. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. मी खोलीवर गेले आणि भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पाणी वाया घालवलं म्हणून घरमालकीण ओरडली ते वेगळंच.

सकाळी ती आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"मला पैल्या दिशीच ठाव हुतं," ती म्हणाली. "आत्याबाईनं कुनाला तरी इचारून जाताना कानात सांगितलं हुतं, हिच्या हातचं काय घिऊ नको म्हनून. काल निस्तं तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मी विचारलं, "मग पिलीस कशी?"

"तवा मरायले हुते. मरनाऱ्याला कसला इचार? आता जगायले, तर इचार यायला."

ती खरं बोलत होती हे मला कळत होतं, आणि म्हणूनच माझा संताप अनावर झाला. "मग ठेव तुझा इचार उराशी अन् ऱ्हा उपाशी," असं म्हणून मी तडक निघून गेले. मावशीनं पेशंटशी असं बोलू नये. पण मावशीलाही तोंड असतं.

दुपारी मी टँकरच्या रांगेतून घागर घेऊन आले तर ही माझी वाट बघत दारात बसलेली. पुढ्यात ताट, भाकरी तशीच. ताट माझ्याकडं सरकवून म्हणाली, "घ्या."

"भ्या वाटतं का अजून?"

"वाटतं थोडं. कधी वाटतं, कधी न्हाई." मग थांबून म्हणाली, "पर तुमी जेवल्या न्हाईत न्हवं सकाळपून."

मी मधून घास तोडला. तिनंही खाल्लं. आम्ही दोघींनी ते ताट संपवलं आणि त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा माझी मैत्रीण वाटली. पेशंटला मैत्रीण म्हणू नये असं सिस्टर सांगायच्या. मी कुणाला सांगितलं नाही.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी सासूला बोलावून घेतलं. खाटा कमी, बाहेर पेशंट ताटकळलेले. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. सून पुष्कळ बरी आहे, पण खाण्यापाण्याची भीती मधूनमधून येणार. घरी काही महिने कुणीतरी तिच्या ताटात तिच्याआधी खायला हवं, रोज, न चुकता. तसं झालं तर ती टिकेल. नाही झालं तर पुन्हा उपाशी राहील, पुन्हा पोरीचं पाणी तोडेल, आणि मग तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. "तिथून ती कधी परत येईल ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

सासू व्हरांड्यात येऊन बसली. भाकरीचं गाठोडं मांडीवर. रेणापूरवाली आत खिडकीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या बोटांनी खिडकीचा गज एवढा घट्ट धरला होता की नखं पांढरी झाली होती.

"सुनंच्या ताटात सासूनं जेवायचं?" म्हातारी मला म्हणाली. "गाव माझ्या तोंडात शेन घालंल. अन् वरून..." ती थांबली. तिला कळलं होतं. गावाकडची कुणीतरी बाई दवाखान्यात येऊन गेली होती, तिनं बघितलं होतं मला त्या ताटात खाताना. "वरून तुझं उष्टं. माझं काय, मी म्हातारी. पर उद्या नातीची सोयरीक जुळवायची हाय मला."

मी तिला खूप काही बोलणार होते. गाठोड्यावरचे तिचे हात बघून राहून गेलं. हाडं आणि कातडी. तिनं स्वतः सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. "सोयरीक होईल तवा होईल," मी म्हणाले. "आज ती पोर आईची वाट बघून राहिली असंल. तिला जाऊन काय सांगणार तुमी?"

म्हातारी गाठोड्याची गाठ चाचपत बसली. माझे पाय एका जागी ठरेनात, मी उगीच दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी ती म्हणाली, "आन पानी."

मी गिलास भरून आणला. रेणापूरवाली बाहेर आली आणि खाली बसली. सवयीनं मी गिलासाला तोंड लावलं, घोट घेतला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो न पिता सासूपुढं धरला. "आत्याबाई, तुमी."

म्हातारीनं गिलास घेतला. माझे ओठ लागले होते ती बाजू तिनं बघून ठेवली होती. तिनं गिलास हळूच फिरवला, दुसरी बाजू पुढं आणली, डोळे मिटले आणि तोंड लावून प्याली. ते गिलास फिरवणं मी बघितलं, सुनेनंही बघितलं. सून सासूच्या सुरकुतलेल्या गळ्याकडं बघत होती. घोट खाली उतरला. मग सुनेनं उरलेलं पाणी संपवलं. गाठोडं सोडलं, भाकरी मधून मोडली. सासूनं पहिला घास खाल्ला. दात नसल्यामुळं तो तिला बराच वेळ चघळावा लागला, आणि तोवर कुणी हललं नाही.

दुपारच्या गाडीनं त्यांना जायचं होतं. पेशंटला एस.टी.त बसवून येणं हेही आमचंच काम. स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. गाडी लागायला वेळ होता. म्हातारी मला जरा बाजूला घेऊन गेली.

"बाई, तू लई केलंस. येक सांगू का, राग मानू नको. गावात पुसतील, कुनी खाऊ घातलं म्हनून. मी सांगीन, लिंगायताची बाई हुती. जिनं बघितलं तिला खोटं पाडीन."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतके दिवस मी खाल्लेले घास, न गेलेले शनिवार, नवऱ्याचं मागं न बघता जाणं, सगळं ती एका वाक्यात दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकून मोकळी होत होती. मला ओरडायचं होतं. सून चार पावलांवर गाठोडं धरून उभी होती, नव्यानं घातलेली वेणी, अंगावर धुतलेलं लुगडं. मी ओरडले असते तर म्हातारी कदाचित ऐनवेळी फिरली असती.

"सांगा," मी म्हणाले. "मला कुनाचीबी करा. पर रोज पैला घास तुमी खायचा. पानी तोंड लावून प्यायचं. त्यात खोटं चालनार न्हाई."

"नातीची आन," म्हातारी म्हणाली. ती मनापासून म्हणत होती, यात मला तेव्हाही शंका वाटली नाही.

रेणापूरवाली जवळ आली. तिनं ऐकलं होतं. "मी खोटं बोलनार न्हाई," ती म्हणाली. "कुनी खाऊ घातलं ते मी खरं खरं सांगनार."

सासूच्या चेहऱ्यावर जराही राग आला नाही. "सांग की," ती म्हणाली. "येडी म्हनून सोडून देतील." यात टोमणा नव्हता. उद्या बाजार आहे असं सांगावं तशी ती बोलली आणि गाडी लागली का बघायला पुढं गेली.

मी रेणापूरवालीचा हात धरला. "ऐक. गावात हे सांगू नकोस."

"कामून?"

"एक येडी म्हनंल, मग दुसरी म्हनंल. मग तुझ्या पोरीला तुझ्याजवळ येऊ देनार न्हाईत. आत्याबाई म्हनतील तेच तूबी म्हन. लिंगायताची बाई हुती म्हन."

ती माझ्याकडं बघत राहिली. इतक्या दिवसांत तिनं माझ्या गळ्याकडं पुष्कळ वेळा बघितलं होतं, तोंडाकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"म्हंजे खरं सांगितलं तर मी येडी," ती म्हणाली, "अन् खोटं सांगितलं तर बरी झाले?"

"हाव," मी म्हणाले.

गाडी लागली. सासूनं लांबून हाक मारली. तिनं माझा हात सोडवून घेतला, गाठोडं डोक्यावर ठेवलं आणि गर्दीत शिरली. खिडकीत बसल्यावरही तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गावात तिनं काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही. पुढं माझी बदली झाली, नांदेडच्या दवाखान्यात मी निवृत्त होईपर्यंत असे कितीतरी घास खाल्ले. पण एखाद्या पेशंटला घरी पाठवायची वेळ आली की मला अजून तो होकार, माझं ते ‘हाव’, आठवतं. मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते, याचाच मला आजही राग येतो.